काखेतला कळसा आणि पानिपतचे दुःख

आपल्या देवस्थानांच्या वार्षिक उत्सवास दूरदूरची कुळावी मंडळी गोमंतकात येतात. त्यांच्या बोलण्याकडे थोडे लक्ष दिले, तर एक चमत्कार सहज दृष्टीस पडतो. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठीत हिंदीची झाक असते, बडोदेकरांच्या मराठीत गुजरातीची, बेळगावकरांच्या मराठीत कानडीची आणि हैदराबादकरांच्या मराठीत तेलुगू-उर्दूची. यजमानांच्या घरात तर कोंकणीच चालते. शब्द एकमेकांस अडतात, उच्चार परके वाटतात. परंतु कोणी एखादी म्हण टाकली की पंक्तीतले सर्वजण एकदम हसतात. शब्द न समजताही म्हण समजते, हे कसे? आणि याच मंडळींपैकी कोणी 'आमचे पानिपत झाले' असे म्हटले, तर मराठी माणसाचा चेहरा गंभीर होतो आणि शेजारी बसलेल्या हिंदी भाषिकास मात्र त्याचे कारण कळत नाही, हेही कसे? या दोन प्रश्नांचा विचार करताना आम्हांस असे दिसून आले की, म्हणीचा अर्थ हा बहुधा अनेक भाषांच्या सामाईक मालकीचा असतो. म्हणीतील वस्तू त्या त्या प्रदेशाची असते. आणि म्हणीतील आठवण मात्र एकाच समाजाची असते. या तिन्ही गोष्टी निरनिराळ्या ओळखल्याखेरीज म्हणींवरून इतिहास सांगू जाणे धोक्याचे आहे.

प्रथम अर्थाच्या सामाईकपणाचे उदाहरण घेऊ. संस्कृतात 'काकतालीय न्याय' प्रसिद्ध आहे. कावळा ताडावर येऊन बसावा आणि त्याच क्षणी ताडाचे फळ गळून पडावे. दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध नाही, केवळ योगायोग. पाणिनीच्या सूत्रावरील भाष्यात पतंजलीने या शब्दाची चर्चा केली आहे. म्हणजे ही कल्पना निदान दोन हजार वर्षांची जुनी ठरते. मराठीत आपण म्हणतो, 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.' कावळा तोच, योगायोग तोच. पण ताडफळ नाहीसे होऊन त्या जागी फांदी आली. कानडीत आणि गुजरातीतही कावळा बसतो आणि फांदीच मोडते. तमिळमध्ये मात्र कावळा बसताच अजूनही ताडाचेच फळ पडते. तमिळ देशात ताडाचे झाड पावलोपावली दिसते. तेथील माणसास फळ बदलण्याचे कारण पडले नाही. तीच कल्पना ताडाची फारशी सलगी नसलेल्या मुलखात आली, तेव्हा लोकांनी आपल्या दारचे झाड तिला दिले, असे मानण्यास हरकत नाही.

'काखेत कळसा, गावाला वळसा' ही म्हण तर याहून मनोरंजक आहे. हिंदीत हीच गोष्ट 'बगल में छोरा, शहर में ढिंढोरा' अशी सांगतात. गुजरातीत कडेवर मूल आणि गावात दवंडी. कानडीत काखेत तान्हे घेऊन सारा गाव हुडकला, असे म्हणतात. तेलुगूतही काखेत मूल ठेवून गावभर शोध. चार शेजारणी काखेतल्या मुलास शोधीत गाव पालथा घालीत आहेत आणि मराठी बाई तेवढी पाण्याचा कळसा शोधते आहे! मराठीने मूल सोडून कळसा का घेतला असावा? यमकाची ओढ हे एक कारण उघड आहे. कळसा आणि वळसा ही जोडी जिभेवर अशी बसली की ती कोण मोडणार? परंतु यमक काही आकाशातून पडत नाही. कळसा घेऊन पाणवठ्यावर जाणे हा जिच्या नित्याच्या दिनक्रमाचा भाग होता, तिलाच हे यमक सुचले असणार. काखेत मूल आणि काखेत कळसा, या दोन्ही ओझ्यांनी बायकांची कंबर वाकली हेच या पाच भाषांतील म्हणींचे समान तात्पर्य आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही त्यास दोष देणार नाही.

नाचाची म्हण हिंदुस्थानच्या बहुतेक भागांत आढळते. आपण 'नाचता येईना, अंगण वाकडे' म्हणतो. कोंकणीत 'नाचूंक येना, आंगण वांकडें' म्हणतात. हिंदीत 'नाच न जाने, आँगन टेढ़ा' हेच शब्द आहेत. बंगालीत उठाण म्हणजे अंगणच वाकडे आहे. कानडी नर्तकी जमीन वाकडी म्हणते, तमिळ नर्तकी घरातला मधला सोपा तिरका असल्याचे सांगते. तेलुगू नर्तकी मात्र जागेला बोल लावीतच नाही. ती मद्दल, म्हणजे साथीचे वाद्यच, फुटके असल्याची तक्रार करते. दोष स्वतःचा, आळ दुसऱ्यावर, ही मनुष्यस्वभावाची खोड काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच; आळ कोणावर घ्यावयाचा एवढाच काय तो प्रांतभेद.

'घरोघरी मातीच्याच चुली' ही म्हण हिंदीत व गुजरातीत जवळजवळ याच शब्दांत आहे. पण बेळगाव ओलांडून दक्षिणेस गेले की चूल मागे पडते आणि तव्यावरचा पदार्थ पुढे येतो. कानडी माणूस म्हणतो, सर्वांच्या घरच्या दोशाला भोकेच असतात. तमिळ माणूस स्वयंपाकघरातही शिरत नाही. घर म्हटले की उंबरठा आलाच, एवढेच तो म्हणतो. तिन्हींचा भावार्थ एक. पण मराठी म्हणीत गरिबीची समता आहे, कानडीत व्यंगाची आणि तमिळमध्ये अपरिहार्यतेची. एकाच अर्थाच्या या तीन छटा कोशात 'समानार्थी' म्हणून एका ओळीत छापल्या जातात. परंतु रसिकाने त्या निरनिराळ्या चाखल्या पाहिजेत.

देवळाच्या आश्रयाने वाढलेल्या म्हणींचा विचार येथे केलाच पाहिजे. कारण आपल्या भाषेचा बराच मोठा भाग सभामंडपात घडला आहे. 'नमनाला घडाभर तेल' ही त्यांतलीच. खेळाच्या प्रारंभी गणेश-सरस्वतीस नमन करावयाचे, तेच इतके लांबले की दिवट्यांना घालण्यास आणलेले घडाभर तेल तेवढ्यातच संपले. मुख्य आख्यान अंधारात राहिले. ज्याने रात्रीचा खेळ दिवटीच्या उजेडात पाहिला नाही, त्यास या म्हणीचा अर्थ सांगता येईल, पण तिची गंमत कळणार नाही. 'गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता' या म्हणीतही असेच आहे. गुजरातीत म्हशीपुढे भागवत वाचतात. हिंदीत म्हशीपुढे बीन वाजवितात. कानडीत रेड्यापुढे किन्नरी वाजविली जाते. तेलुगूत बहिऱ्यापुढे शंख फुंकतात. आणि पोर्तुगीज लोक बायबलाच्या आधाराने डुकरांपुढे मोती टाकतात. या सर्वांत बिचारा श्रोता मुकाट असतो. मराठी गाढव तेवढे बोलते, आणि नुसते बोलत नाही तर आपली आवडही सांगते! गीतेपेक्षा त्यास संबळाच्या तालावरचा गोंधळ बरा वाटतो. अंबेचा गोंधळ हा आपल्या अनेक घराण्यांचा कुळाचार आहे, आणि 'गोंधळ' या शब्दास घोटाळा असाही अर्थ चिकटला आहे. या दोहोंवरचा हा श्लेष दुसऱ्या कोणत्याही भाषेत नेता येत नाही.

येथवर वस्तूंची गोष्ट झाली. आता आठवणीकडे वळू.

पानिपतावर तीन मोठ्या लढाया झाल्या: १५२६, १५५६ आणि १७६१ या साली. हिंदी भाषिकास पानिपत हे गावाचे व रणांगणाचे नाव आहे. मराठीत मात्र 'पानिपत होणे' याचा अर्थ सर्वनाश होणे. आणि तो अर्थ केवळ तिसऱ्या लढाईने दिला. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव पडले, आणि महाराष्ट्रात असे घर उरले नाही की ज्यास त्या दिवसाची झळ पोहोचली नाही, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. 'विश्वास पानिपतात गेला' या उद्गारात तर माणसाचे नाव आणि मनाचा धर्म एकाच शब्दात मिसळले आहेत. परदेशातही याला जोड सापडते. १८१२ च्या नोव्हेंबरात रशियातून परतताना नेपोलियनच्या सैन्याची बेरेझिना नदीवर वाताहत झाली. फ्रेंच भाषेत आजही मोठ्या संकटास 'बेरेझिना' म्हणतात. स्पॅनिश माणूस नुकसान झालेल्या मित्राचे सांत्वन करताना 'याहून अधिक क्यूबात गमावले' असे म्हणतो. १८९८ साली ते बेट स्पेनच्या हातून गेले, त्याची ती आठवण. इंग्रजीत 'वॉटर्लू' शब्द याच अर्थी रूढ आहे, पण तेथे एक भेद आहे. १८१५ ची ती लढाई इंग्रजांनी जिंकली होती. तो पराभव दुसऱ्याचा. फ्रेंच, स्पॅनिश आणि मराठी या तीन भाषांनी मात्र आपल्या स्वतःच्या जखमेची म्हण केली. विजयाचाही वाक्प्रचार आपल्याजवळ आहे. १७५८ साली राघोबादादांच्या पंजाबच्या मोहिमेत मराठी फौजा सिंधुकाठच्या अटकेपर्यंत गेल्या, त्यावरून 'अटकेपार झेंडे लावणे' आले. पण तीन वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन वाक्प्रचारांपैकी पहिला सत्कारसमारंभात ऐकू येतो आणि दुसरा घरोघरी. यावरून समाजाच्या मनाचा कल कळतो.

'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रात 'धरावे' असे होते, त्याचे आनंदीबाईंनी 'मारावे' केले, अशी कथा प्रसिद्ध आहे. कानडीत धरण्यास 'हिडि' आणि मारून टाकण्यास 'कोल्लु'. तेथे एका अक्षराने कोणाचा जीव जाऊ शकत नाही. म्हणून हा वाक्प्रचार कानडीत नेता येत नाही. तथापि त्या अक्षरबदलास समकालीन निर्णायक पुरावा मिळालेला नाही, हे इतिहासाभ्यासकांनी वारंवार सांगितले आहे. म्हणीने एका स्त्रीवर कायमचा शिक्का मारला. इतिहासाने तो पुसावयास घेतला, तरी म्हण त्याला जुमानीत नाही.

म्हणीचा इतिहास किती जपून सांगावा लागतो, याचे याहून ठळक उदाहरण 'संक्रांत कोसळणे' हे आहे. पानिपतची लढाई मकरसंक्रांतीच्या दिवशी झाली आणि म्हणून संकटास संक्रांत म्हणू लागले, असे आजही पुष्कळ वक्ते सांगतात. सांगावयास ही गोष्ट सुरेख आहे. पण पंचांग तिला साक्ष देत नाही. इंग्रजी वर्षाच्या मानाने संक्रांतीचा दिवस सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेले, तर संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. १४ जानेवारी १७६१ रोजी पौष शुद्ध अष्टमी होती. संक्रांत होऊन तीन-चार दिवस लोटले होते. आजची चौदा तारीख आपण नकळत त्या काळावर लादतो. मग संक्रांतीस संकटाचा अर्थ आला कोठून? त्याचे उत्तर प्रत्येकाच्या देवघरातल्या पंचांगातच आहे. तेथे संक्रांतीस देवतेचे रूप दिलेले असते. तिचे वाहन, वस्त्र, शस्त्र, ती कोठून येते, कोणत्या दिशेस पाहते, हे सर्व दिलेले असते. आणि ती ज्या वस्तू घेते त्या महागतात, जिकडे पाहते तिकडे अरिष्ट येते, असे फल वर्तविलेले असते. 'संक्रांत येणे' या शब्दांतले भय समजण्यास एवढे पुरे आहे; त्यासाठी पानिपतास जाण्याचे कारण नाही. मात्र लोकांनी ही दोन दुःखे एकत्र बांधली, हीच मोठी ऐतिहासिक साक्ष आहे. तारीख चुकली असेल. पण घाव किती खोल होता ते त्या चुकीनेच कळते.

माळव्यातील वाचकांस 'कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली' ही म्हण परिचयाची आहे. आपण तिथे 'कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी' म्हणतो. धारचा परमार राजा भोज हा अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. या म्हणीतील गंगू म्हणजे कलचुरी राजा गांगेय आणि तेली म्हणजे चालुक्य राजा तैलप, या दोघांचा भोजाने पराभव केला, असे एक स्पष्टीकरण देण्यात येते. गांगेय हा भोजाचा समकालीन खरा. परंतु तैलप इ. स. ९९७ च्या सुमारास वारला. भोजाचा चुलता मुंज त्याच्या हातून मारला गेला होता. भोज गादीवर येण्यापूर्वीच जो गेला, त्याचा भोजाने पराभव कसा करावा? नावांच्या साम्यावर उभारलेला हा इमला काळाच्या पहिल्याच धक्क्याने ढासळतो. अशी स्पष्टीकरणे पाश्चात्त्यांतही होतात. पोर्तुगीज भाषेत हातचे गेलेल्या माणसास 'जहाजे पाहत राहिला' असे म्हणतात. कोणी म्हणतात, १५७८ साली आफ्रिकेच्या रणात पडलेला राजा सेबॅस्टियन परत येईल म्हणून लिस्बनच्या टेकडीवर वाट पाहणाऱ्या लोकांवरून हे आले. कोणी म्हणतात, १८०७ साली राजघराणे ब्राझीलला निघून गेल्यावर फ्रेंच सेनापती पोहोचला आणि त्यास जहाजांच्या पाठी तेवढ्या दिसल्या, त्यावरून. एका म्हणीस दोन जन्मकथा असल्या, म्हणजे तिची खरी जन्मकथा हरवली आहे असे समजावे.

गंगू तेल्याच्या म्हणीतली दुसरी गोष्ट आम्हांस अधिक बोचते. घाण्यावर राबणारा तेली क्षुद्रतेचे माप म्हणून का वापरावा? आपल्या संग्रहांत सोनार, न्हावी, कुंभार, विधवा, सून यांस टोचणाऱ्या म्हणी काही थोड्या नाहीत. त्या जाळून टाकाव्या, असे आमचे म्हणणे नाही. कारण पूर्वजांनी एकमेकांस कसे वागविले याचा तो लेखी पुरावा आहे. पण पुरावा जपून ठेवणे वेगळे आणि तो रोजच्या बोलण्यात कोणाच्या जिव्हारी मारणे वेगळे. देवळाच्या पायरीवर सर्वांस समान मानावयाचे आणि बोलण्यात मात्र म्हणीच्या आडून उणे-अधिक लावावयाचे, हे आपणांस शोभत नाही.

या ठेव्याचा सांभाळ कोणी केला? आपल्या देवांप्रमाणेच आपल्या भाषेनेही गोमंतकात स्थलांतराचे दिवस पाहिले. सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीमहालसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. १६८४ साली पोर्तुगीज राजप्रतिनिधीने, लोकांनी तीन वर्षांत मातृभाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. हुकूम दप्तरात राहिला. भाषा चुलीपाशी राहिली. जी भाषा कागदावर येण्यास चोरी होती, तिचे शहाणपण म्हणींनीच एका पिढीकडून दुसरीकडे पोहोचविले. पुढे गोमंतकाचेच सुपुत्र मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांनी कोंकणी म्हणींचा संग्रह केला, आणि आशियाई व युरोपीय भाषांतील म्हणींशी त्यांची तुलना करून तो १९२२ साली कोइंब्रा येथे पोर्तुगीज भाषेत प्रसिद्ध केला. मराठी म्हणींचा मॅनवेअरिंगकृत इंग्रजी संग्रह १८९९ सालचा, य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश १९४२ आणि १९४७ साली दोन भागांत निघाला. एक पाद्री गोव्याचा, एक पाद्री इंग्रज आणि दोन पंडित पुण्याचे. या सर्वांचे आपल्यावर ऋण आहे.

परंतु कोशात म्हण राहते ती वाळवलेल्या फुलासारखी. चुली गेल्या, दिवट्या गेल्या. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि 'सोळा आणे खरे' यातले आणेही गेले. पाणी नळाने आले आणि कळसा देव्हाऱ्यातल्या कलशापुरता उरला. वस्तू गेल्यावर म्हण काही काळ सवयीने चालते. नंतर तिचा अर्थ तेवढा उरतो, मग तोही पुसट होतो. दोन-दोन, तीन-तीन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांस याचा धोका अधिक आहे, तसा लाभही अधिक आहे. ज्याच्या कानावर घरी कळसा पडतो आणि शाळेत छोरा पडतो, त्या मुलास भाषांचे नाते व्याकरणावाचून समजू शकते. त्यास कोणी तरी दोन्ही म्हणी शेजारी ठेवून दाखविल्या पाहिजेत, एवढेच.

म्हणून वाचकांस आमची अशी सूचना आहे की, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या, विशेषतः आजी-मावश्यांच्या, तोंडच्या म्हणी टिपून ठेवाव्या. म्हण जशी ऐकली तशीच लिहावी. ती शुद्ध करावयास जाऊ नये. कोणत्या प्रसंगी वापरली, त्यातली वस्तू कशी दिसे, शेजारच्या भाषेत तिला काय म्हणतात, हे सोबत नोंदवावे. तिची जन्मकथा कोणी सांगितली, तर 'अशी कथा सांगतात' एवढेच लिहावे आणि तिची परीक्षा पंचांग व दप्तर यांवर सोडावी. म्हण ही घटनेची साक्षीदार क्वचितच असते. पण ज्यांनी ती घटना सोसली त्यांच्या मनाची ती सर्वांत प्रामाणिक साक्षीदार असते. दूरच्या ग्रंथालयांत आपला पूर्वेतिहास शोधीत फिरणाऱ्यांनी, घरच्या माजघरात तो अजून बोलतो आहे, हे विसरू नये; नाही तर या बाबतीतही काखेत कळसा आणि गावाला वळसा असेच व्हावयाचे.